एका घरातले दोन अर्ज

मुलीच्या बारावीचा निकाल लागला त्या वर्षी आमच्या घरातून फार्मसीचे दोन अर्ज गेले. एक तिचा आणि एक माझा. ती अठराची होती, मी चाळीस ओलांडलेली. कोणाला सांगितलं की आधी हसतात आणि मग विचारतात, "मग, मिळालं का दोघींना?" उत्तर 'हो' असंच आहे. पण ते देताना आजही माझी जीभ जरा अडते.

मी मूळची वांगणीजवळच्या एका गावातली. वडिलांची भाताची शेती, कडेला थोडी भाजी. आमच्या घरात बारावी सायन्सपर्यंत पोचलेली मी पहिली. पुढे काय करायचं याचा विचार चालू होता तेवढ्यात लग्न ठरलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीनवर होता, बदलापुरात मांजर्लीला घर होतं, सासूबाई मायेच्या होत्या. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर लागले आणि तिथेच रमले.

दुकानाचे मालक सिंधी. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. दुकानात रजिस्टर्ड फार्मासिस्ट तेच, त्यांचंच सर्टिफिकेट भिंतीवर. वय झालेलं, गुडघे गेलेले, दोन्ही मुलं कापडाच्या धंद्यात. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ते म्हणाले, "बेटा, माझ्यानंतर इथे फार्मासिस्ट कोण बसणार? तू बारावी सायन्स है ना? डी. फार्म कर ले. उमर की कोई अट नाय, मी विचारलंय."

मी हसले. घरी जेवताना गंमत म्हणून सांगितलं. नवरासुद्धा हसला. मुलगी मात्र हसली नाही. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाली, "मग भरूया ना, आई. तसंही मी माझं सगळं करतेच आहे. त्यात तुझं."

तिला बी. फार्म करायचं होतं. चार वर्षांची डिग्री, पुढे एखाद्या कंपनीच्या लॅबमध्ये काम. गोळी पोटात गेल्यावर ती विरघळते कधी आणि का, असले प्रश्न तिला लहानपणापासून पडायचे आणि मी दमून आल्यावर ती ते मला विचारायची. सीईटी देऊन झाली होती. मार्क फार वर नव्हते, पण ओबीसीतून जवळचं एक चांगलं कॉलेज मिळेल इतके होते. त्या कॉलेजचं गेट आम्ही दोघी एकदा बाहेरून बघूनही आलो होतो.

माझ्या डोक्यात प्रवेश म्हणजे निकाल लागला, कॉलेजात गेलं, रांगेत उभं राहिलं, पैसे भरले, झालं. ते आता तसं राहिलेलं नाही, हे तिने मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून समजावलं. आधी नोंदणी. मग कागदपत्रांची तपासणी. मग तात्पुरती गुणवत्ता यादी, त्यात चूक असेल तर हरकत घ्यायला दोन-तीन दिवस, मग अंतिम यादी. त्यानंतर कॉलेजांची पसंती क्रमाने भरायची. मग फेऱ्या. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, खालचं लागलं तर पुढच्या फेरीसाठी थांबता येतं.

"प्रत्येक पायरीला तारीख असते, आई. तारीख गेली की ती पायरी गेली. मागे येता येत नाही."

"आणि तुझं-माझं एकत्रच?"

"नाही गं. तुझं डिप्लोमाचं, बारावीच्या मार्कांवर. ते आधी सुरू होईल. माझं सीईटीवर. आणि फार्मसीच्या डिग्रीचं सगळ्यात शेवटी असतं, इंजिनीअरिंगवाले कॉलेजला जायला लागले तरी आपलं चालूच. कॉलेजांच्या मान्यता उशिरा येतात म्हणे."

तिने डिप्लोमासाठी नोंदणी दोघींची केली, तिची आपली हाताशी असावी म्हणून. कॉलेजांची पसंती मात्र फक्त माझी भरली.

माझे कागद म्हणजे एक दिव्यच होतं. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. शाळा सोडल्याचा दाखला हरवलेला. मधल्या इतक्या वर्षांत काय केलं याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. माझी मुलगी माझ्याबरोबर माझ्या जुन्या कॉलेजात आली, तहसीलला आली, झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिली. क्लार्कने विचारलं, "ॲडमिशन कोणाची?" आणि तिने माझ्याकडे बोट केलं, तेव्हा तो आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघतच राहिला. आम्ही बाहेर येऊन पोट धरून हसलो. ते दिवस मजेचे गेले, खोटं कशाला बोलू.

पण त्याच दिवसांत तिचं एक काम मागे पडलेलं होतं. जात पडताळणीचं प्रमाणपत्र. मी खुल्या गटातून अर्ज केला होता, मला ते लागत नव्हतं. तिला लागत होतं. ते मुलं अकरावीत असतानाच करायला टाकायचं असतं, ही गोष्ट आम्हाला बारावीच्या निकालानंतर कळली. कॉलेजने सूचना लावली असेल, आम्ही वाचली नसेल. अर्ज टाकला, पावती मिळाली. पावतीवर प्रवेशाचा अर्ज चालतो, फक्त ठरलेल्या तारखेच्या आत मूळ प्रमाणपत्र दाखवायचं. ती तारीख तेव्हा फार लांब वाटत होती.

एके सकाळी मी दुकानात माल लावत होते आणि तिचा फोन आला. "आई, लागलं!"

मी म्हटलं, "अगं बाई! कुठलं लागलं तुला?"

"माझं नाही गं, तुझं! अंबरनाथचं. पहिल्या पसंतीचं!"

मी खोक्यावर खालीच बसले. शेठनी विचारलं, क्या हुआ, रडतेस का? मी रडत नव्हते. मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा नाही, नोकरी लागली तेव्हा नाही, असा आनंद मला फक्त मुलगी झाली तेव्हा झाला होता. आणि हा विचार मनात आला तशी मी वरमले. कारण तिचं अजून कशातच काही नव्हतं.

माझं कॉलेज सुरू झालं तेव्हा तिच्या नोंदणीची मुदत वाढली होती. मग तपासणीची वाढली. पहिल्या दिवशी मी पांढरा कोट पिशवीत घालून निघाले तर तिने मला डबा भरून दिला. दोन पोळ्या, भेंडीची भाजी, आणि लोणचं वेगळ्या डबीत, भाजीला लागू नये म्हणून. मी तिला शाळेत असताना द्यायचे तसंच. मी म्हटलं, "अगं, मी केलं असतं." ती म्हणाली, "तुला उशीर होईल." दारातून मागे वळून बघितलं तर ती आजीच्या गोळ्या काढत होती. तिच्या वर्गातल्या मुली तोवर कुठे-कुठे गेल्या होत्या आणि माझी मुलगी घरी बसून माझं घर सांभाळत होती. मी अंबरनाथला उतरेपर्यंत डब्याची पिशवी मांडीवर धरून बसले होते. वर्गात गेल्यावर मात्र सगळं विसरले. हेच मला नंतर टोचायचं, की मी किती पटकन विसरले.

वर्गात सगळी अठरा-एकोणीसची पोरं. मला 'काकू' म्हणायची. शरीररचनेच्या तासाला सरांनी हृदयाचे कप्पे फळ्यावर काढले आणि मी वहीत रंगीत पेन्सिलीने काढत बसले. घरी येऊन मुलीला सांगायचे, आज हे शिकवलं, आज ते. ती ऐकायची. एकदा मध्येच म्हणाली, "आई, उद्या सांग ना. आज डोकं दुखतंय." तेव्हापासून मी विचारल्याशिवाय सांगायचं बंद केलं.

शेवटी एकदाची तिची पहिली फेरी लागली आणि तिला तेच कॉलेज मिळालं, ज्याचं गेट आम्ही बघून आलो होतो. नवऱ्याने कंपनीत पेढे वाटले. सासूबाईंनी देवाला नारळ ठेवला. मला तर वाटलं, सुटले. आता आम्ही दोघी सकाळी बरोबर निघू, ती तिकडे, मी इकडे.

प्रमाणपत्र मात्र आलं नव्हतं. चौकशी केली तर कळलं, एक शंका निघाली आहे. माझ्या सासऱ्यांचं नाव जमिनीच्या कागदावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर थोडं वेगळं. शाळेच्या रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी हवा. शाळा गावाकडची, अंतर फार नव्हतं. प्रश्न दिवसांचा होता, कारण गणपती तोंडावर आले होते.

ज्या दिवशी नवऱ्याला सुट्टी मिळाली त्याच दिवशी माझी पहिली सेशनल परीक्षा होती. मी म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर, परीक्षा काय, नंतर बघू.

मुलगी म्हणाली, "तू येऊन काय करणार? बाबा आहेत ना. तू पेपर दे."

"पण चार शब्द बोलायला कोणी—"

"आई, जा तू."

मी गेले. पेपर चांगला गेला. संध्याकाळी घरी आले तर बापलेक जिन्याच्या पायरीवरच बसले होते, घरात सासूबाई झोपल्या होत्या म्हणून. नवरा म्हणाला, "शाळा बंद. कालच सुट्टी लागली. हेडमास्तर त्यांच्या गावी गेलेत, थेट गणपती बुडवून येणार."

मुलीने मला विचारलं, "पेपर कसा गेला?"

मी म्हटलं, "ठीक."

माझ्या तिथे असण्याने शाळा उघडली नसती, हे मला कळतं. तेव्हाही कळत होतं. एक दिवस आधी कोणी गेलं असतं तर? पण एक दिवस आधी नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि मी अभ्यास करत होते. सुट्टी संपल्यावर उतारा मिळाला, पडताळणीच्या ऑफिसात देऊन झाला, तिथल्या माणसांनी नीट बोलून घेतला. आमच्यासारखे कितीतरी होते, आमच्या आधी आलेले. प्रमाणपत्र तारखेच्या आत आलं नाही. तिचा प्रवेश रद्द झाला आणि नाव खुल्या गटात गेलं. पुढच्या फेरीत खुल्या गटातून जे लागलं ते इतकं लांबचं होतं की तिथे राहायलाच जावं लागलं असतं, आणि ते आम्हाला झेपणारं नव्हतं. ते तिने सोडलं.

त्या दिवसांत ती रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त हळू झाली. भाजी चिरायला बसली की सुरी हातात धरून बसून राहायची.

तेवढ्यात माझ्या कॉलेजात सूचना लागली. डिप्लोमाच्या काही जागा रिकाम्या आहेत, ज्यांची नोंदणी झाली आहे त्यांनी कॉलेजकडेच अर्ज करावा. मुदत थोडीच होती. बी. फार्मची शेवटची फेरी त्याच्यानंतर होती आणि तिच्यात काय होईल हे कोणीच सांगू शकत नव्हतं. म्हणजे हातातलं घ्यायचं की थांबायचं, हे ठरवायला तिच्याकडे दोन संध्याकाळी होत्या.

त्यातल्या पहिल्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "मी माझं रद्द करते. घरी बसते. तू तिथे जा."

"आई, ही काय गाडीतली सीट आहे? तू उठलीस की मी बसायला? जागा रिकाम्याच आहेत तिथे. तू रद्द केलंस तर आणखी एक रिकामी होईल."

"मग थांब तू. शेवटची फेरी बघ."

"आणि नाही लागलं तर? वर्ष जाईल."

"मग काय करायचं?"

"हेच तर विचारतेय मी स्वतःला," ती ओरडली. मला आठवतं तसं त्या सगळ्या वर्षात ती एवढी एकदाच ओरडली. आतून सासूबाईंनी विचारलं, काय झालं गो? आम्ही दोघी एकदम म्हणालो, काही नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तिने स्वतःच सांगितलं. "घेते मी डिप्लोमा. दोन वर्षांनी डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एक वर्ष जास्त लागेल, एवढंच."

नवरा म्हणाला, "बघ हं, नीट विचार कर." मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं, थांब म्हणायला हवं होतं, असं मला नंतर हजारदा वाटलं. पण खरं कारण वेगळंच आहे. ती म्हणाली 'घेते' आणि माझ्या मनात काहीतरी उजळलं. मी इतके दिवस एकटीने जे बघत होते, तो वर्ग, तो फळा, ती प्रयोगशाळेतली बाटल्यांची रांग, ते आता ती माझ्या शेजारी बसून बघणार होती. माझ्या मुलीचं ठरलेलं आयुष्य बिघडलं होतं आणि मी आतून खूश झाले होते.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी स्टेशनवरच तिने अट घातली. "कॉलेजात मला हाक मारू नकोस. आणि शेजारी बसू नकोस. कोणाला कळायला नको."

मी कबूल केलं. मी दुसऱ्या बाकावर, ती मागे खिडकीपाशी. पण हजेरीचं आमच्या दोघींच्या लक्षातच आलं नव्हतं. मॅडमनी तिचं नाव घेतलं, मग लगेच माझं. आडनाव एक, आणि मधलं नावही एकच, तिच्या बापाचं आणि माझ्या नवऱ्याचं. मॅडम थांबल्या. चष्म्यावरून आधी माझ्याकडे, मग मागे बघितलं आणि म्हणाल्या, "नात्यातल्या का?"

मी वहीत डोकं घातलं. मागून तिचा आवाज आला, "आई आहे माझी."

वर्गात हशा पिकला, वाईट नव्हता तो. मॅडमसुद्धा हसल्या. पण माझी मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. अठराव्या वर्षी नव्या वर्गात आपली आई दुसऱ्या बाकावर बसलेली असणं म्हणजे काय, याचा मी तोवर तिच्या बाजूने विचारच केला नव्हता.

मग ती बातमी आली. बी. फार्मची मुदत पुन्हा वाढली, एक जादा फेरी झाली, आणि तिला हव्या असलेल्या कॉलेजात खुल्या गटाचा कटऑफ इतका खाली आला की तिच्या मार्कांवर सहज लागलं असतं. तिने त्या फेरीसाठी पसंती भरलीच नव्हती. तिचे मूळ कागद आमच्या कॉलेजात जमा होते, तिला वाटलं होतं विषय संपला. प्रॅक्टिकलच्या तासाला तिच्या मैत्रिणीचा मेसेज आला, तो तिने मला दाखवला, फोन खिशात घातला आणि खलात पावडर घोटायला लागली. मी म्हटलं, "काही करता येईल का? जाऊन भेटूया का कोणाला?"

"तारीख गेली, आई."

त्याच आठवड्यात पडताळणीचं प्रमाणपत्र आलं. ते मी पिशवीत घालून कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवलं. पावसाळ्यात आमच्याकडे पुराचं पाणी भरतं म्हणून महत्त्वाचे कागद तिथेच असतात. पण तेव्हा मला ते नजरेआड करायचं होतं, हेही खरं.

आता आम्ही दोघी दिवसभर बाहेर. सासूबाई एकट्या. त्यांना काठीशिवाय चालता येत नव्हतं. मी शेजारच्या वहिनींकडे चावी ठेवली होती, जेवण झाकून ठेवायचे, पाण्याचा तांब्या उशाशी. त्या नेहमी म्हणायच्या, "तुम्ही जा गो. मना काय झालंय?" थंडीच्या सुरुवातीला त्यांना ताप आला, लघवीला जळजळ. डॉक्टरांनी विचारलं, आजी, पाणी किती पिता? त्या पदर सारखा करत बसल्या. घरी आल्यावर मुलीने खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दुपारी पीत नाय. प्यायला की उठायला लागतं. घरात कोण नसतं, पडले तर तुमचं कॉलेज बुडायचं."

मी औषधांच्या दुकानात आयुष्य काढलं. तांब्या रोज भरलेलाच राहतो हे मी संध्याकाळी बघत होते आणि मला वाटत होतं वहिनी भरून ठेवत असतील. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, मी सोडते कॉलेज. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "सोडून काय करशील? माझ्या तोंडाकडे बघत बसशील?"

नवऱ्याने सुपरवायझरला सांगून दुपारनंतरची पाळी मागून घेतली. सकाळपासून तो घरी असायचा, तो निघाला की थोड्या वेळाने आमच्यातली एक पोचायची. जी आधी पोचेल तिने आजीला पाणी द्यायचं, असं मुलीने ठरवलं. बहुतेक तीच आधी पोचायची, कारण मी कॉलेज सुटलं की दुकानात जायचे.

पहिल्या वर्षी तिचे मार्क बेताचे आले, माझे बरे. मला ते घरी सांगवेना. नवऱ्यानेच विचारलं आणि तिनेच सांगितलं, "आई पुढे आहे." दुसऱ्या वर्षी काहीतरी बदललं. फार्माकॉलॉजी सुरू झालं, औषध शरीरात काय करतं हा विषय, आणि तिचे ते लहानपणचे प्रश्न पुन्हा जागे झाले. ती सरांना तास संपल्यावर अडवायला लागली. घरी येऊन मला शिकवायला लागली, मी झोपायला आले की चिमटा काढायची. बाकं मात्र आम्ही शेवटपर्यंत बदलली नाहीत.

दोघी पास झालो. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला तिने कोणावर काही सोडलं नाही. प्रमाणपत्र हातात होतं, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवला होता, नोंदणी उघडली त्या सकाळी अर्ज भरून मोकळी झाली. आणि तिला तेच कॉलेज मिळालं. माझं ट्रेनिंग शेठच्याच दुकानात झालं, मग फार्मासिस्ट म्हणून कौन्सिलकडे नोंदणी. आता भिंतीवर माझं सर्टिफिकेट आहे. शेठ संध्याकाळी येतात, खुर्चीवर बसतात, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात आणि चहा मागवतात.

मध्यंतरी एका रविवारी नवरा सासूबाईंना घेऊन गावी गेला होता, ती आणि मी घरी दोघीच होतो. तिच्याबरोबर बारावी झालेल्या मुली आता डिग्री घेऊन नोकरी शोधत होत्या, तिचं एक वर्ष बाकी होतं. त्यावरून काहीतरी बोलणं निघालं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की तू डिप्लोमा घेते म्हणालीस त्या संध्याकाळी मला आनंद झाला होता. आतून. इतकी वर्षं सांगितलं नाही.

ती केस विंचरत होती. म्हणाली, "मला माहीत होतं की."

"कसं?"

"तू त्या संध्याकाळी शिरा केला होतास. वेलची घालून. मी आतल्या खोलीत तोंडावर पांघरूण घेऊन पडले होते, आणि मला तुपात रवा भाजल्याचा वास आला."

मला ते आठवतच नव्हतं. अजूनही आठवत नाही. मी म्हटलं, "मग तू खाल्लास?"

"खाल्ला ना. आजीने दोनदा घेतला." ती हसली. मग थोड्या वेळाने हसू गेलं आणि ती म्हणाली, "तेव्हा खूप राग आला होता मला तुझा."

"आणि आता?"

तिने फणीतले केस काढून गुंडाळले, खिडकीबाहेर टाकायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "आता कमी आहे."

ती पुस्तक घेऊन बसली, सोमवारी तिची परीक्षा होती. मी कुकर लावायला उठले.